नाकात बोलणारी भुतं : एका बालकथासंग्रहाच्या कामाच्या नोंदी

15 जून 2025, रविवार. दांडिया बाजार, बडोदे

आज कामाचा मुहूर्त केला. सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी भुतांच्या गोष्टी, मराठीत. घाबरवणाऱ्या आणि हसवणाऱ्या, दोन्ही एकाच गोष्टीत. 64 पानं, म्हणजे सोळा पानांचे चार फॉर्म. रंग दोनच, काळा आणि हळदीचा पिवळा. 500 प्रती. दिवाळीआधी मुलांच्या हातात पडायला हव्यात.

हे आताच का, तर आमच्या वाडीतली मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकतात. हिंदीमुळे देवनागरी वाचता येते. पण ‘हडळ’ म्हटलं की विचारतात, “म्हणजे चुडेल ना?” पावलं दोघींचीही उलटी, त्यामुळे त्यांचंही खोटं नाही. पण खवीस, समंध, झोटिंग, गिऱ्हा, चकवा, जखीण ही सगळी मंडळी आजीच्या पिढीपाशीच थांबली आहेत. हे शब्द किती लांबून चालत आलेत! खवीस अरबीतल्या ‘खबीस’वरून, जखीण ‘यक्षिणी’वरून, समंध साध्या ‘संबंधा’वरून.

शेजारच्या आजींकडे वही घेऊन बसले. समंधाबद्दल त्या म्हणाल्या, “अगं, इस्टेटीत जीव अडकलेला असतो त्याचा. त्याला भ्यायचं नाही. फक्त त्याच्या कपाटाला हात लावायचा नाही.” हे वाक्य तसंच्या तसं उतरवून घेतलं. उपयोगी पडणार असं वाटतंय.

22 जून, रविवार

वाडीच्या ओट्यावर पहिलं वाचन. मुलं अकरा. गोष्ट पिंपळावरच्या मुंजाची. वाचताना समासात दोनच खुणा करायच्या असं ठरवलं होतं. मुलं एकमेकांना चिकटली तर ‘घ’, हसली तर ‘ह’.

कागद कोरा राहिला. माझा मुंजा गोड होता, एकटा होता, त्याला मित्र हवा होता. मुलांनी शेवटपर्यंत शहाण्यासारखं ऐकून घेतलं. मग पाचवीतला एक मुलगा म्हणाला, “मावशी, हा तर मुलगाच आहे. भूत कुठंय?”

29 जून, रविवार

आठवडाभर आजींची समंधाची ओळ डोक्यात होती. त्यांच्या सगळ्या भुतांना नियम आहेत. मुंजा पिंपळ सोडू शकत नाही. गिऱ्हा पाणी सोडू शकत नाही. चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. हडळीची पावलं उलटी ती उलटीच, कितीही सुंदर दिसो. आणि नाकातून बोलणं कुणालाच चुकत नाही. मी मुंजाचे नियम काढून घेतले आणि भीती त्यांच्याबरोबर निघून गेली. भूत नियम मोडत नाही म्हणून त्याची भीती वाटते. आणि नियम काटेकोर पाळणारा कुणी अडचणीत सापडला की हसू येतं. दोन्ही एकाच जागेतून निघतं.

मग नव्यानं लिहिलं. उत्तरायण (इथली पतंगांची संक्रांत) उलटून गेलेलं, संध्याकाळची वेळ, पिंपळात अडकलेले शंभरभर पतंग. बडोद्यातलं कुठलंही मोठं झाड जानेवारीअखेर असंच दिसतं, म्हणून ते मुलांना समजावून सांगावं लागत नाही. एक मुलगा आपला पतंग शोधत खाली उभा आहे. वारा पडलाय. तरी एकेक पतंग हळूहळू वळतो आणि सगळेच्या सगळे त्याच्याकडे तोंड करून थांबतात. वरून आवाज येतो, “माँजाँ आँणलाँस काँ रें?”

मुंजाकडे पतंग भरपूर, पण मांजा नाही. झाड सोडता येत नाही, म्हणून दुकानातही जाता येत नाही. शेवटी तो मुंजीत कमरेला बांधलेली मुंज गवताची मेखला सोडतो आणि तीच पतंगाला बांधतो. पतंग वर जातो. लंगोटी खाली येते.

नाव ठेवलं ‘मुंजाचा मांजा’. इथली मुलं पतंगाच्या दोऱ्याला दोरीच म्हणतात. या गोष्टीसाठी त्यांना मांजा शिकावा लागेल, आणि शिकतील.

6 जुलै, रविवार

आजचं वाचन अर्ध्यातच थांबलं आणि मला ते थांबायला हवंच होतं.

तिसरीतल्या मुलीनं विचारलं, “तो मेला कसा?”

मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा. ऐकणाऱ्यांच्याच वयाचा. आम्ही मोठी माणसं हा शब्द इतका सहज वापरतो की त्यात एक मेलेलं मूल आहे हे विसरूनच जातो. तिला ते लगेच दिसलं.

घरी येऊन तीन पर्याय लिहून काढले. मुंजाऐवजी दुसरं भूत घ्यायचं, प्रश्न टाळायचा किंवा उत्तर द्यायचं. चित्रकार ताईंशी फोनवर तासभर बोलले. त्यांचं म्हणणं होतं की मुंजा काढला तर संग्रहातलं मुलांचं एकमेव भूत जाईल. टाळणं मला पटेना. मुलांना खोटं लगेच कळतं आणि मग ती पुढची गोष्ट विश्वासानं ऐकत नाहीत. म्हणून उत्तर दिलं, एकाच वाक्यात : “फार जुन्या काळी तो आजारी पडला, आणि तेव्हा त्या आजारावर औषध नव्हतं.” सजवलं नाही, ताणलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न, “मग त्याला जेवायला कोण बोलावतं?”

गोष्टीचा शेवट तिच्या प्रश्नातून आला. दिवेलागणीला घराघरांतून मुलांना हाका येतात. एकेक जण पांगतो. नायक जाता जाता थांबतो आणि वर बघून ओरडतो, “ए मुंज्या, जेवायला चल!” बराच वेळ काहीच नाही. मग पानं सळसळतात. “झाँड सोंडताँ येंत नाँहीं. डबाँ पाँठव.”

24 जुलै, गुरुवार. दिव्यांची आवस

घासून लख्ख केलेले दिवे ओट्यावर मांडले आणि त्यांच्याच उजेडात वाचलं. गुजराती शेजारणींचा आज दिवासोचा सण. त्याही आपापली मुलं घेऊन आल्या. एकूण डोकी एकोणीस.

‘मुंजाचा मांजा’ : पतंग वळतात तिथं ठळक ‘घ’. मांजा मागतो तिथं ‘घ’ आणि ‘ह’ एकत्र, हे पहिल्यांदाच घडलं. लंगोटीच्या ओळीवर इतका मोठा ‘ह’ की पुढची ओळ दोनदा वाचावी लागली. “डबाँ पाँठव” नंतर दोघं-तिघं हसली, बाकीची गप्प होती. ती शांतता मला हवी होती. तिच्यासाठी वेगळी खूण नाही, नुसता एक ठिपका काढला.

घरी येऊन सगळे समास तपासले. मोठ्यानं आलेलं प्रत्येक हसू ‘घ’नंतर दोन-तीन ओळींच्या आत आलेलं आहे. जिथं आधी ‘घ’ नाही तिथं चांगला विनोदही नुसता ओठांवर राहिला. भोपळ्यात बसून टुणुक टुणुक जाणारी म्हातारी पिढ्यान्‌पिढ्या का चालते, त्याचं उत्तर यात आहे. वाघ तिला खरोखर खाणार असतो.

3 ऑगस्ट, रविवार

कमाटी बागेतल्या संग्रहालयात पाच मुलांसह. इमारत 1894ची. निळ्या देवमाशाचा सांगाडा बघून मुलं भारावली, पण पाय खिळले ते इजिप्तच्या ममीपुढे. धाकटा माझ्या ओढणीआड गेला आणि तिथून बघत राहिला.

मी त्यांना सांगितलं की प्राचीन इजिप्तमध्ये ममी करताना मेंदू नाकातून बाहेर काढत. पाचही जणांचे हात आपापल्या नाकावर. तिथंच गोष्ट सुचली. रात्री बागेतली आपली भुतं नवीन पाहुणीला भेटायला येतात आणि नाकातून विचारतात, तू कोण? ममीच्या नाकाचं काम हजारो वर्षांपूर्वीच आटोपलेलं. ती सरळ, स्वच्छ आवाजात उत्तर देते. नाकातून न बोलणारं भूत कुणी कधी पाहिलेलं नाही. खवीस किंचाळत पळतो, झोटिंग देवमाशाच्या बरगड्यांत लपतो.

चित्रकार ताईंनी एक अट घातली, आणि ती योग्य आहे. काचेमागे खरा माणूस आहे, म्हणून हसू ममीवर येता कामा नये. गोष्टीत सगळ्यात शांत आणि सभ्य तीच राहील. तिचं चित्र करताना त्या चेहरा दाखवणार नाहीत.

10 ऑगस्ट, रविवार

मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ताईंबरोबर, परवानगी घेऊन. 1910मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, त्या परंपरेतली ही वास्तू. लोखंडी कपाटांचे मजले आणि मजल्यांना काचेची जमीन. पूर्ण आरपार दिसत नाही, पण वरून कुणी गेलं तर सावली कळते.

खाली उभं राहून वर बघितलं आणि दोघी एकदमच म्हणालो, “हडळ!”

पदर पायघोळ सोडून वावरणारी हडळ जमिनीवर कुणाला ओळखू येत नाही. पण इथं खालच्या मजल्यावर पुस्तक शोधणाऱ्या मुलीला डोक्यावर पावलं उमटताना दिसतात. बाई पुढे चाललीय, टाचा पुढे आहेत. हा ‘घ’ मला लिहावाच लागला नाही, महाराजांनी बांधूनच ठेवलाय. हसू कुठून आणायचं याला मात्र आठवडा लागला. हडळ पुस्तक परत करायला आलेली आहे. उशीर झालाय. तिला स्वतःला दंडाची भीती वाटते, कारण हिशेब तिच्या पावलांसारखाच उलटा होतो आणि दरवेळी तारीख मागे मागे जाते.

24 ऑगस्ट, रविवार

गिऱ्हाची गोष्ट वाचली आणि चुकलेच.

2024च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला, मगरी वस्त्यांत शिरल्या. माझ्या गोष्टीत पुराबरोबर गिऱ्हा एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर येतो आणि मागोमाग मगर येते. दुसऱ्या परिच्छेदातच चौथीतली एक मुलगी उठली आणि घरी गेली. तिची आई नंतर म्हणाली, “त्या वेळी दोन रात्री आम्ही वरच्या मजल्यावर होतो. वीज नव्हती. खाली पाण्यात काहीतरी आपटायचं.” मला हे ठाऊक असायला हवं होतं. आम्ही एकाच शहरात राहतो.

आई आणि मुलगी, दोघींची माफी मागितली. गोष्ट काढून टाकायची ठरवलं.

28 ऑगस्ट

ती मुलगी गणपतीच्या आरतीला आली होती. प्रसाद घेताना म्हणाली, “मावशी, मगर ठेवा. पाणी काढा.”

31 ऑगस्ट, रविवार

पाणी काढलं. आता वैशाख आहे, नदी आटलेली, एकच डबकं उरलंय. गिऱ्हाला पाणी सोडता येत नाही आणि मगरीलाही दुसरीकडे जायचं नाही. चटईएवढ्या पाण्यात दोघं महिनाभर जागेवरून भांडतात, शेपटी कुणी कुठं ठेवायची यावरून. गोष्टीत एकही मूल नदीकाठी जात नाही. हे मुद्दाम केलंय. विश्वामित्रीतल्या मगरी खऱ्या आहेत आणि गोष्ट ऐकून कुणाला काठावर जावंसं वाटायला नको.

तिला एकटीलाच आधी वाचून दाखवली. दोनदा हसली. एकदा माझा हात धरला.

14 सप्टेंबर, रविवार

नाकातलं बोलणं छापायचं कसं, यात आठवडा गेला. मी चंद्रबिंदू वापरत होते. पण मराठीत अर्धचंद्र म्हणजे बॅट-बॉलमधला उच्चार, आणि ‘काँ’ व ‘कॉं’ छपाईत एकसारखेच दिसतात. पाचवीतला मुलगा “काँय” हे “कॉय” असं वाचत होता आणि त्याचा काही दोष नव्हता. आता चंद्र काढले, नुसती टिंबं ठेवली : “मांजां आंणलांस कां रें?” मुलांना न सांगता नाकातून वाचता येतं.

त्याच मुलानं आज आजोबांच्या कपाटातलं एक जुनं पुस्तक धावत आणून दाखवलं. “मावशी, हे भुतानं लिहिलंय!” उघडून बघते तर नांव, गांव, पांच, कांहीं, जेव्हां, तेव्हां. पानभर टिंबं. मी सांगितलं की पूर्वी असंच लिहीत, 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्यानं क्षणभर विचार केला.

“मग ती टिंबं गेली कुठं?”

बाजूची मुलगी म्हणाली, “भुतांनी उचलली.”

संग्रहात सहा गोष्टी होत होत्या, सातवी सापडत नव्हती. ती ही. त्या दोघांनी सांगितली, मी फक्त लिहून काढली.

उच्चारांचं एक काम मात्र राहिलं. ‘चकवा’तला च मुलं ‘चिमणी’तल्यासारखा म्हणतात, आणि ‘झोटिंग’चा झ ‘झेंडू’तल्या उच्चारासारखा काढत नाहीत. लिपीत फरक दाखवायची सोय नाही. च आणि झखाली टिंब देऊन बघितलं. पण वर टिंबं, खाली टिंबं, पान गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. सोडून दिलं. पुस्तक कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवेल या भरवशावर आहे.

21 सप्टेंबर, रविवार

पानं लावली. भूत कधीही उजव्या पानावर दिसता कामा नये. उजव्या पानाची शेवटची ओळ मुलाला उलटायला लावते आणि भूत मागच्या डाव्या पानावर भेटतं. समोरासमोरच्या पानांवर ठेवलं तर डोळा आधी चित्राकडे जातो आणि मजकुरातली सगळी भीती वाया जाते.

‘मुंजाचा मांजा’मध्ये आजाराचं वाक्य आणि हाकांचा परिच्छेद वाढला, त्यानं पतंग वळण्याची जागा सरकून समोरच्या पानावर आली. नऊ ओळी कमी करायच्या होत्या आणि एकही करवेना. ताईंनी मार्ग काढला, एक पूर्ण पान चित्राला द्यायचं. नुसता पिंपळ आणि पाठमोरे पतंग, मजकूर एक शब्द नाही. पान उलटलं की तोच पिंपळ, तेच पतंग, आता तोंडं इकडे.

4 ऑक्टोबर, शनिवार

छापखान्यात. तिथं रोज गुजरातीचं काम चालतं, मराठी क्वचित. त्यांनी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवला आणि दुसऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या सगळ्यांची वाट लागली. गिऱ्हाचा ‘गिर्हा’ झाला. छापखान्यातले काका चष्मा पुसत म्हणाले, “बेन, आ तमारो र उडी जाय छे.” त्यांनी मनापासून मदत केली. शेवटी फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ आम्ही दिली आणि त्यांनी फक्त फॉर्म लावले. ल आणि श हेही मराठी वळणाचे राहिले. शेंडीफोड्या श आणि दांडीचा ल नको होता, मुलांनी आपलं अक्षर आपल्या वळणानं बघावं.

11 ऑक्टोबर, शनिवार

प्रूफ बघून झालं. पिवळा जरा फिका होता, वाढवायला सांगितला. 43व्या पानावर भूत उजवीकडे आलं होतं, दुरुस्त केलं.

19 ऑक्टोबर, रविवार. काळी चौदस

पुस्तकं परवाच आली. आज ओट्यावर शेवटच्या गोष्टीचं वाचन, कारण ती आजचीच आहे. संध्याकाळी गुजराती घरांतून बायका वडे घेऊन चौकात जातात, घरातला ककळाट, म्हणजे भांडणतंटा, बाहेर काढतात, वडे ठेवून मागे न बघता परततात. आमच्याकडे उद्या पहाटे अभ्यंगस्नान आणि पायाखाली कारीट. गोष्ट दोन्ही घरांना कळते.

‘चटणी राहिली’ : चौकात अंधारात सगळी भुतं रांगेनं बसलीत, पानं मांडून. एक काकू येते, वडे ठेवते, वळते. मागे बघायचं नाही हा तिचा नियम. मागून गार वारा. मागून पावलं, एक जोडी उलटी. खांद्यामागून आवाज, “कांकूं...” तिचे पाय थरथरतात. “कांकूं... चंटणीं रांहिलीं.” ती वळू शकत नाही आणि भुतं चटणीशिवाय वडा खाऊ शकत नाहीत. तशीच वरात घरापर्यंत.

समासात ‘घ’, ‘घ’, ‘घ’, मग ‘ह’, आणि पुढं लिहायला सवडच झाली नाही. आजी ओट्याच्या टोकाला बसल्या होत्या. त्या पदरात तोंड लपवून हसत होत्या.

साडेआठला मुलं पांगली. मी दिवे उचलत होते. चौकात कुणीतरी ठेवलेले चार वडे होते, द्रोणात. धाकटा घरातून पुन्हा बाहेर आला, दोन्ही हातांनी एक वाटी धरून, सांडू नये म्हणून अगदी हळू चालत. द्रोणाशेजारी ठेवली. हिरवी चटणी होती. मग वळला आणि मागे न बघता, खालचा ओठ दातात धरून, सरळ घरी गेला.